वारा कुठे गेला?

शनिवार, रात्री अकरा

बोटांना अजून तांब्याचा वास येतोय. दोनदा साबण लावून झाला. आज बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या मराठी वाचनालयात एका टेबलावर सात मोटरी फिरल्या आणि टेबलावरची चार पुस्तकं मुलांबरोबर घरी गेली. मागच्या शनिवारी त्याच टेबलावरून एक पुस्तक हललं नव्हतं. त्या रात्री मी ही वही उघडलीसुद्धा नव्हती.

तेव्हा मांडणी काय सुरेख केली होती! काड्यापेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी, पेरिस्कोप, कागदी पंखे, सेलवर फिरणारी मोटर, अशी सगळी 'करून बघा' छापाची पुस्तकं. वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हसतखेळत विज्ञान शिका'. मुलं यायची, 'शिका' वाचायची आणि बाहेर शेवउसळीच्या गाडीकडे वळायची. एका गुजराती ताईंनी थांबून विचारलं, "आनाथी मार्क्स आवशे?" म्हणजे, याने मार्क मिळतील का? मग मी त्यांना पाच मिनिटं हाताने करण्याचं महत्त्व पटवत बसले. त्यांचा मुलगा तेवढ्या वेळात टेबलावरचा व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा उचलून ताणून पाहत होता, एका डोळ्याने आरपार बघत होता, फुंकत होता. माझं त्याच्याकडे लक्षच नाही. ताई निघाल्या, तोही निघाला, तुकडा टेबलावर ठेवून.

ते दृश्य आठवडाभर डोळ्यांसमोरून हललं नाही. गणपतीत, कोजागिरीला, हळदीकुंकवाला मी इतकी वर्षं कथाकथन करते. विनोदी गोष्ट सांगताना 'आता तुम्हाला हसू येईल' असं मी कधी म्हटलेलं नाही. ऐकणाऱ्याला आधीच फळ सांगून टाकलं की गोष्ट तिथेच संपते, हे मला पाठ आहे. मग पुस्तकांच्या टेबलावर मी फळच आधी का सांगत होते?

म्हणून आज पुठ्ठा नेला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि मुलांना आमच्या आजोबांच्या पंख्याची गोष्ट सांगितली.

रावपुऱ्यातल्या आमच्या घरात माजघराला उंच छत आणि छताला एक जुना पंखा होता. त्याचा कंडेन्सर गेलेला. बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा, हलायचा नाही. कोपऱ्यात एक काठी असे, तिचं नावच 'पंख्याची काठी'. आजोबांचा नियम होता : आधी काठी, मग बटण. काठीने पात्याला एक ढकल द्यायची, पाती फिरायला लागली की बटण दाबायचं, मग पंखा चालू राहायचा. काठी कुठल्या बाजूने लावायची तेही ठरलेलं. देवघराकडून दाराकडे.

मावशीला बघायला पाहुणे आले तो दिवस मे महिन्यातला. बडोद्याचा मे. मंडळी बसली, पोहे आले. आजोबा काठी घ्यायला उठले, तेवढ्यात मुलाचे काका उठले. चांगले उंच. "तुम्ही बसा हो, मी लावतो." आणि त्यांनी काठी लावली दाराकडून देवघराकडे.

पंखा सुरू झाला. उलटा.

आता आजोबांना ते दिसतंय. आजीला दिसतंय. स्वयंपाकघराच्या दारातून मावशीलाही दिसतंय. पण सांगणार कोण? काका वरपक्षाचे! पंखा छान गरगर फिरतोय आणि खाली एका माणसाला वारा नाही. सगळ्यांच्या कपाळावरून घाम निथळतोय. आणि काका वर बघून समाधानाने म्हणतात, "वा! मस्त हवा येते हं तुमच्याकडे." आजोबा रुमालाने मान पुसत म्हणतात, "हो. घराला हवा चांगलीच आहे."

मुलं हसत होती, मागे उभे असलेले आईबाप तर जास्तच. बघण्याच्या कार्यक्रमातली ती अवघड शांतता मोठ्यांनी भोगलेली असते ना. मी हसले नाही. पुढे सांगत गेले : मुलाच्या आत्याबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, मग वर फिरत्या पंख्याकडे पाहिलं, मग हातातल्या पदराकडे, मग पुन्हा पंख्याकडे. आणि त्यांनी विचारलं, "अहो, पंखा तर फिरतोय. मग वारा कुठे गेला?"

इथे मी थांबले.

ही थांबण्याची जागा मी आठवडाभर शोधत होते. एरवी गोष्ट पुढे जाते, मावशीचं लग्न जमतं, काठी रुखवतात ठेवतात, वगैरे. आज मी मुलांकडे बघत गप्प बसले. पाचसहा सेकंद असतील, पण खोलीत भरपूर लांब वाटले. मग निळ्या टी-शर्टातला एक मुलगा, नऊदहा वर्षांचा, मान वर करून वाचनालयाच्या पंख्याच्या पात्यांचा तिरपेपणा बघत म्हणाला, "वर. वर गेला. छताकडे." दुसरी मुलगी म्हणाली, "पण बटण तर तेच ना, मग उलटा कसा फिरेल?" आणि मग कुणी कुणाचं ऐकेना.

मी एवढंच म्हटलं की असल्या पंख्याच्या मोटरला स्वतःची दिशा ठरवता येत नाही. कंडेन्सर धड असला तर तो ठरवतो, नाहीतर पहिली ढकल देणारा ठरवतो. घरच्या पंख्याला काठी लावायची नाही, हेही बजावून सांगितलं. मग मोटरचं पान उघडून पुस्तक टेबलावर ठेवलं, शेजारी तार, सेल, सेफ्टी पिना, चुंबकं आणि पॉलिश पेपरचे तुकडे ठेवले, आणि खुर्ची मागे घेतली.

तार मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली होती. उरलेली तार, त्यांनी वजनावर दिली. ही तांब्याची तार नागडी दिसते, पण तिच्यावर एनॅमलचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. मोठ्या सेलभोवती तिचे दहा वेढे घ्यायचे, वेटोळं काढून दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. सेलच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना रबराने घट्ट बसवायच्या, त्यांच्या भोकांत ती टोकं अडकवायची, सेलवर चुंबक. झाली मोटर. खोच एकच आहे. एका टोकाचं एनॅमल गोल सगळीकडून काढायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं.

ती खोच मी सांगितली नाही. पुस्तकात लिहिलेली होती.

निळ्या टी-शर्टवाल्याने दोन्ही टोकं लख्ख घासली. वेटोळं पिनांत ठेवलं तर ते एकदा दचकलं, डावीउजवीकडे डुललं आणि थांबलं. त्याने ढकल दिली, पुन्हा तेच. "काकू, माझी गुरगुरते पण फिरत नाही," म्हणाला. पंख्याचा शब्द त्याने उचलला होता! माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि पुस्तकाकडे बोट केलं.

आता हा मुलगा इंग्रजी माध्यमातला. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी मुलांचं असंच आहे. मराठी ऐकतात झकास, वाचायला दिलं की चेहरा पडतो. त्याने ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं : फ-क्त व-र-ची बा-जू ख-र-व-डा. मान वर. "खरवडा म्हणजे?"

मी म्हटलं, "आई कढईला लागलेलं कसं काढते?"

"घासून."

"घासून नाही निघालं तर?"

त्याने नखाने टेबल खरवडून दाखवलं. आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "फक्त वरची! मी सगळीच काढली!" नवी तार घेतली. एका टोकाला पॉलिश पेपर असा धरला जसा आजी निरांजनाची वात धरते, दोन बोटांत, श्वास रोखून. या वेळी वेटोळ्याने दोन गिरक्या घेतल्या, अडखळलं, आणि मग फिरतच राहिलं.

'खरवडणे' हे क्रियापद त्याला आता कुणी शिकवायला नको. मराठी टिकवण्याच्या सभांना मी जाते, भाषणंही ऐकते. पण मुलाला गरज पडली म्हणून त्याने शब्द वाचला, हे इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहिलं. गोष्टीच्या पुस्तकात अडलेला शब्द ओलांडून पुढे जाता येतं. इथे तो ओलांडला तर मोटर फिरत नाही.

नंतर एका मुलीने चुंबक उलटं केलं, वेटोळं उलट्या दिशेला फिरायला लागलं आणि ती ओरडली, "काका आले, काका आले!" पुढचा अर्धा तास वाचनालयात उलट्या फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं नाव काका होतं. सेल तापतात, जोडून ठेवू नका, हे मात्र मला सतत सांगत राहावं लागलं.

रविवार, दुपार

झोप नीट लागली नाही. डोक्यात ते अर्धं खरवडलेलं टोक.

दोन्ही टोकं पूर्ण उघडी असली तर वीज सारखी वाहते. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात चुंबक वेटोळ्याला पुढे ओढतं, दुसऱ्या अर्ध्यात तीच ओढ मागे खेचते, म्हणून वेटोळं डुलून थांबतं. एनॅमल अर्ध्या बाजूला ठेवलं की तेवढा अर्धा फेरा वीज बंद, आणि वेटोळं आधीच्या वेगावर एकटं पुढे जातं. मला कालची ती पाचसहा सेकंदं आठवली. मी गप्प होते तेव्हा मुलं एकटी पुढे गेली. पहिल्या शनिवारी मी दोन्ही टोकं लख्ख घासून बसले होते.

मायकेल फॅरेडे व्याख्यान देताना समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवत असे, आणि भरात येऊन बोलण्याचा वेग वाढला की ते कार्ड पुढे करायचं काम त्याच्या मदतनिसाकडे होतं. लोहाराचा मुलगा, 1805 साली चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला, बांधायला आलेली पुस्तकं वाचली आणि वाचलेले प्रयोग दमड्या जमवून स्वतः करून पाहिले. 1821 मध्ये चुंबकाभोवती विजेची तार पहिल्यांदा सतत फिरवून दाखवली ती त्यानेच. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं त्याने एकोणीस वेळा दिली. इतका मोठा माणूस, आणि बोलताना थांबायचं लक्षात राहावं म्हणून कार्ड ठेवतो! मीही एक करून घेणार आहे.

आणि गोष्ट सांगताना स्वतः हसायचं नाही, हे तर आपल्याच गावात शिकण्यासारखं आहे. चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते. त्यांचा चिमणराव आपली हकिगत किती मनापासून, किती गंभीरपणे सांगतो! त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही, म्हणून वाचणारा हसतो. काल आजोबांचं 'घराला हवा चांगलीच आहे' हे वाक्य मी हसत म्हटलं असतं तर पडलं असतं. आजोबा विनोद करत नव्हते. ते पाहुण्यांचा मान राखत होते.

काल संध्याकाळी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीवरून आले. सयाजीरावांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि मग लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत जाऊ लागली. पुस्तक वाचकाची वाट बघत कपाटात बसलं नाही, ते निघालं. माझ्या मनात तशीच पेटी आहे : करून बघायची पाच पुस्तकं आणि त्यातच तार, सेल, सुया, व्हॉल्व्ह ट्यूब. नुसतं पुस्तक दिलं तर तार कुठे मिळते इथेच घरातला उत्साह संपतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची पुस्तकं मुलांपर्यंत इतकी पोचली त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. लागणारी वस्तू काड्यापेटीत नाहीतर कचऱ्यात सापडते, आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट.

वाचनालयातले काका मात्र काळजीत आहेत. असली पुस्तकं डाग पडून, पानं चिकटून परत येतील. येतीलच. मी त्यांना सांगितलं, डाग पडलेल्या पानाचा दंड माझ्याकडून घ्या, मुलांकडून नको. एखादं पुस्तक कोरं करकरीत परत आलं तर मला कळवा, मी त्या मुलाला भेटेन. काका म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'हो' असतो.

रविवार, रात्री पावणेअकरा

आत्ता फोन आला. अनोळखी नंबर, आवाज म्हाताऱ्या बाईंचा, जरा वैतागलेला. निळ्या टी-शर्टवाल्याच्या आजी. नातवाने जेवताना त्यांना पंख्याची गोष्ट सांगितली, आत्याबाईंच्या प्रश्नापर्यंत आणली आणि तिथेच थांबला. पुढे सांगायला तयार नाही. "विचार कर ना आजी," म्हणाला आणि जाऊन झोपला.

"अहो, मी मघापासून पंख्याखाली बसून वर बघतेय," आजी म्हणाल्या. "मला झोप नाही. तुम्ही तरी सांगा, वारा गेला कुठे?"

मी विचारलं, "तुमच्या पंख्याची पाती कुठल्या बाजूला तिरपी आहेत, बघता?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.