तुराट्यांच्या कुडापलीकडची दोन कोकरं

रोहिणीत परतीच्या वाटेवरचा मेंढ्यांचा वाडा दोन रात्री आमच्या रानात बसला होता, खतासाठी. वाडा हलायच्या दिवशी मी एक कोकरू मागायला गेले. वाड्यावरची आजी म्हणाली, "दोन ने गं लेकी. एकलं कोकरू वरडून वरडून वाळतं." मग तीन-साडेतीन महिन्यांच्या दोन माद्या घेऊन आले.

आमच्या दारात खिलार गाय, तिची कालवड, तीन उस्मानाबादी शेळ्या आणि डझनभर कोंबड्या. कोकरं लगेच त्या सगळ्यांत नेली नाहीत. 21 दिवस मागच्या पडवीत ठेवली. पीपीआर हा साथीचा रोग शेळ्या-मेंढ्यांना एकमेकांकडून होतो आणि आमची चांदी शेळी तेव्हा गाभण होती. सरकारी दवाखान्यातून कोकरांना लस टोचून आणली, लेंड्या तपासून जंताचं औषध पाजलं. त्यांची बादली वेगळी. आधी शेळ्यांचं उरकायचं, मग कोकरांकडे जायचं, आणि तिथून आलं की हातपाय धुवायचे.

मग गोठ्याच्या अंगणात तुराट्यांचा कूड घातला आणि कोकरं त्याच्या पलीकडे आणली. वास यावा, दिसावं, पण शिंग लागू नये. पहिले तीन दिवस चांदी कुडाला नाक लावून फुरफुरायची. आठव्या दिवशी ती कुडाला पाठ टेकून रवंथ करत बसली, तेव्हा मी ठरवलं, आता सोडायची.

संध्याकाळी सगळ्यांची पोटं भरल्यावर अंगणातच सोडली, गोठ्यात नाही. पळायला जागा हवी. तरी चुकलंच. चांदी मागच्या पायांवर उभी राहिली. करडू असतं तर तेवढ्यावर बाजूला झालं असतं. धाकटं कोकरू मान वर करून तिच्याकडे नुसतं बघत राहिलं आणि ती वरून बरगडीवर आली. मी उचललं तर त्याचं काळीज माझ्या तळहातात धडधडत होतं. मेंढी भांडायची तर चार पावलं मागे सरकते आणि समोरून धावत येते. शेळीचं उभं राहणं म्हणजे धमकी, हे त्या लेकराला कुणी शिकवलंच नव्हतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्या रात्री कुडाच्या तुराट्या कापून खाली वीतभर रुंद फट ठेवली. कोकरं सुर्रकन आत जातात, शेळ्यांची शिंगं अडतात. त्यांचा खुराकही आतच. चार दिवसांत चांदी उभी राहिली की दोघी आपोआप फटीकडे पळायला लागल्या.

वैरणीची जागाही बदलली. शेळी मान वर करून पाला ओरबाडते, मेंढी खाली मान घालून गवत खुडते. म्हणून सुबाभळीचे डहाळे उंच टांगले आणि गवत लांबच्या कोपऱ्यात टाकलं. निम्मी भांडणं तिथेच मिटली. गाईची खनिज वीट मात्र उंच गव्हाणीत बांधली. तिच्यातलं तांबं गाईला लागतं, पण मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस अचानक लघवी लाल होऊन जनावर हातचं जातं. कोंबड्यांचा भरडाही झाकूनच ठेवते; कोवळ्या पोटाला धान्य जास्त झालं तर ते आंबतं.

गाईने पहिल्याच दिवशी दोघींना हुंगून सोडून दिलं. कालवड मात्र रोज त्यांचे कान चाटते, लोकर ओली होईपर्यंत.

काल रात्री तरण्या पावसाची जोराची सर आली. विजा कडाडायला लागल्या तशी मी कंदील घेऊन धावले. कुडाच्या आत कुणी नव्हतं. दोघी कालवडीच्या पोटाशी मुटकुळं करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, अंगाला अंग लावून, चांदी.