मिशी पांढरी की काळी?

"मोबाईलवर हवं ते बघायला मिळतं, मग अजून रेडिओवर गोष्टी कसल्या ऐकता?" परवा रंकाळ्यावर फिरताना तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पंचगंगेकाठी आमचं गुऱ्हाळ होतं. हंगामात रात्रभर काहील उकळायची आणि मेढीला अडकवलेला ट्रान्झिस्टर चालू असायचा. आकाशवाणीचं सांगली केंद्र, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. तिथनं काटा हलवायची कुणाची टाप नव्हती. गुळव्याची नजर रसावर, मळी काढत. चुलवाणापुढच्या गड्याचे हात चिपाडं सारण्यात. कान तेवढे रिकामे, आणि गोष्टीला तेवढेच पुरायचे. तिथं टीव्ही असता तर गूळ करपला असता.

एका रात्री गोष्टीत कुणी पाटील घोड्यावरनं आला. (टापांचा आवाज करवंट्या आपटून काढतात हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही घोडा घोडाच राहिला.) ऐन रंगात सेल उतरले.

गुळव्या म्हणाला, "त्यो पाटील आमच्या गावच्या थोरल्या पाटलागत. पांढरी मिशी."

"छ्या!" चुलवाणापुढनं आवाज आला. "तरणाताठा हाय त्यो. आवाजावरनं कळतंय की."

मिशीवरनं अशी जुंपली की पाटलाचं पुढं काय झालं हे कुणी विचारलंच नाही. गोष्टीत मिशीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

शेवट कळायलाच हवा असंही नाही म्हणा. पुणे केंद्रावर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, तेव्हा रामाचं पुढं काय होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं? तरी ५६ गाणी लोकांनी आठवड्याला एक अशी, वर्षभर वाट बघून ऐकली.

खरखर मात्र छळायची. वळवाच्या दिवसांत लांब कुठं वीज चमकली तरी रेडिओत कडकडाट, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य त्यात गडप. आता कोल्हापूरचं १०२.७ एफएम स्वच्छ लागतं. तरी रात्री ऐकताना मी दिवा घालवतो. घरचे म्हणतात, अंधारात काय बसता?

तो पाटील मला अजून दिसतो, पांढऱ्या मिशीचा. म्हणजे त्या रात्री मी गुळव्याच्या बाजूचा होतो. बोललो मात्र नाही. चिपाडं सारणारा माझा थोरला चुलता होता.