‘पाठवा त्याला खाली!’ : नवख्या पिचरवरून पेटणारे वाद

एप्रिल संपता संपता अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक बेसबॉलवेड्या शहरात बावीस-तेविशीतला एखादा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) लोकांच्या तोंडी असतो. मार्चमध्ये ज्यांना त्याचं किती कौतुक करू असं झालं होतं, तेच आता ‘पाठवा त्याला खाली’ म्हणून ओरडत असतात. ऑफिसात, बारमध्ये, स्पोर्ट्‌स रेडिओला फोन लावून. समोरची बाजूही तितकीच इरेला पेटलेली: ‘पोराला वेळ द्या.’ नव्याने इकडे आलेल्या मराठी माणसाला हे आपल्याकडच्या संघनिवडीवरच्या भांडणासारखं वाटतं. पण या वादाला नियमांची आणि आकड्यांची एक चौकट आहे. ती कळली की मुद्द्याचं कोण बोलतोय आणि नुसता कावलेला कोण आहे, हे दोन मिनिटांत उमगतं.

आधी हे ‘खाली’ म्हणजे कुठे ते बघू. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, संघात एका वेळी 26 खेळाडू असतात, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. खालोखाल ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा मायनर लीगच्या चार पायऱ्या. संघाच्या ताब्यातल्या 40 जणांच्या यादीतल्या खेळाडूला वर-खाली करायला ‘ऑप्शन’ लागतो आणि प्रत्येकाला सहसा अशी तीन वर्षं मिळतात. मोसमात एकूण 20 किंवा जास्त दिवस तो खाली राहिला की एक वर्ष खर्ची पडलं. एकदा खाली पाठवलेल्या पिचरला किमान 15 दिवस वर आणता येत नाही. अपवाद, वरचा कुणी जखमी झाला तर. शिवाय एका मोसमात हा प्रकार पाचच वेळा. तिन्ही वर्षं संपली की खाली धाडण्याआधी त्याला ‘वेव्हर्स’वर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या 29 संघांपैकी कुणीही त्याला उचलू शकतो. म्हणून जाणकार चाहता पहिला प्रश्न ‘ऑप्शन उरलेत का?’ हाच विचारतो. नसतील तर ‘पाठवा खाली’ हा सल्ला म्हणजे पोरगा दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचा सल्ला आहे, आणि अर्ध्याअधिक ओरडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

यात पैशाचाही गुंता आहे. मेजर लीगमध्ये 172 दिवस काढले की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू खुल्या बाजारात जायला मोकळा. त्यामुळे संघ एखाद्या पोराला दोन-तीन आठवडे खाली ठेवतो तेव्हा संशयी चाहते बोटांवर दिवस मोजू लागतात. हा संशय दर वेळी खरा नसतो, पण अगदीच हवेतलाही नसतो.

आता आकडे. वादात सगळ्यात आधी फेकला जातो तो ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले रन वगळून नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरने किती रन दिले. चारच्या आसपास म्हणजे ठीकठाक, तीनच्या खाली उत्तम, साडेपाचच्या वर गेला की बोंबाबोंब. मे महिन्यात हा आकडा किती फसवा असतो ते बघा. समजा, नऊ सामन्यांत पोराने 48 इनिंगमध्ये 20 रन दिले. ईआरए 3.75, सगळे खूश. दहाव्या सामन्यात त्याला दोन इनिंगमध्ये आठ रनांचा चोप बसला. 50 इनिंगमध्ये 28 रन, ईआरए 5.04. एका संध्याकाळीत चांगल्याचा वाईट पिचर झाला! खरं तर पोरगा तोच आहे. मैदानात पडलेल्या फटक्यांपैकी सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास हिट ठरतात, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोचतो. त्या दिवशी नेमके सगळे फटके फटीतून गेले, तर त्यात पिचरचा हात थोडाच असतो.

त्यापेक्षा स्ट्राइकआउट आणि वॉक यांची तुलना करा. या दोन्हीत क्षेत्ररक्षकाचा संबंध येत नाही, आणि दोन्ही आकडे ईआरएपेक्षा फार लवकर स्थिरावतात. तीन स्ट्राइक (चौकटीतले किंवा बॅटरने हुकवलेले चेंडू) झाले की बॅटर बाद, तो स्ट्राइकआउट. चार बॉल, म्हणजे चौकटीबाहेरचे चेंडू, पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. लीगमध्ये साधारण साडेचार बॅटरांमागे एक स्ट्राइकआउट आणि बारामागे एक वॉक होतो. माझ्या मते तरुण पिचरबद्दल सगळ्यात खरं बोलणारा आकडा वॉकचा. होम रन (थेट मैदानाबाहेरचा फटका) खाल्लेला पोरगा पुढच्या आठवड्यात सावरतो. दर इनिंगला दोघांना फुकट चालवणारा नुसत्या हिमतीवर सावरत नाही, तिथे काहीतरी दुरुस्त करावंच लागतं.

ताजं उदाहरण रोकी सासाकीचं. जपानमध्ये 10 एप्रिल 2022 रोजी, विशीत असताना, त्याने परफेक्ट गेम टाकला: 27 बॅटर आले, 27 गेले, त्यातले 19 स्ट्राइकआउट, सलग 13 जणांचा विक्रम त्यातच. 2025 च्या सुरुवातीला तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आला, मार्चमध्ये टोकियोतच पदार्पण झालं आणि तीन इनिंगमध्ये पाच वॉक गेले. मेच्या मध्यापर्यंत आठ सामन्यांत ईआरए 4.72. हा आकडा दाखवून ‘इतकं काही वाईट नाही’ म्हणणारे बरेच होते. पण वॉक आणि स्ट्राइकआउट शेजारी मांडले की धस्स व्हायचं: 24 स्ट्राइकआउट आणि 22 वॉक! म्हणजे जवळपास दर सात बॅटरांमागे एक फुकट. जपानमध्ये ताशी 165 किलोमीटर गाठलेला त्याचा फास्टबॉल इथे सरासरी 96 मैलांवर, म्हणजे 155 किलोमीटरच्या आत-बाहेर आला होता. मग खांद्याच्या दुखण्यामुळे तो यादीबाहेर गेला आणि पुढचे चार महिने चाहते दोन तटांत भांडत राहिले.

वेग कमी होणं हे दुसरं लक्षण, आणि यात चाहते अनेकदा उलटी चूक करतात. एप्रिलच्या थंडीत मैलभर वेग कमी असणं नेहमीचंच. पण दोन मैल उतरलाय, सोबत चेंडू सुटण्याची जागाही खाली किंवा बाजूला सरकलीय, आणि हे दोन-तीन सामने सलग दिसतंय, तर प्रश्न कौशल्याचा राहत नाही. तिथे कोपर किंवा खांदा बोलत असतो. कोपराच्या आतल्या बाजूचं स्नायुबंधन फाटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये ती ज्या पिचरवर पहिल्यांदा केली, त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुन्हा सामन्यात उतरायला आजही 12 ते 18 महिने लागतात. अशा वेळी ‘घाबरट आहे, दबाव सोसत नाही’ असं रेडिओवर ठोकून देणाऱ्यांची महिन्याभराने फजिती होते. (ते ती कबूल करत नाहीत, हा भाग वेगळा.)

आकडे बाजूला ठेवून डोळ्यांनीही बरंच कळतं. टीव्हीचा कॅमेरा बहुतेक वेळ सेंटर फील्डमधून, पिचरच्या पाठीमागून लावलेला असतो. चेंडूकडे बघूच नका, कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, ग्लोव्ह बघा. ग्लोव्ह खाली बाहेरच्या कोपऱ्यात धरलाय आणि चेंडू घ्यायला त्याला पूर्ण अंग टाकून वर आतल्या बाजूला जावं लागतंय, असं इनिंगमध्ये तीन-चार वेळा दिसलं की पोराचा ताबा सुटलाय. तो चेंडू पंचाने स्ट्राइक दिला असला तरी. चुकण्याची दिशाही कारण सांगते. उजव्या हाताच्या पिचरचा डावा खांदा लवकर उघडला की हात मागे रेंगाळतो आणि चेंडू उंच, उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगावर जातो. हे होतं बहुधा घाईमुळे: मागच्या पायावर तोल सावरायच्या आतच शरीर पुढे पडतं. उलट चेंडू सोडायला क्षणभर उशीर झाला तर तो खाली, डाव्या हाताच्या बॅटरच्या पायाशी आपटतो. नेहमी एकाच बाजूला चुकणारा पोरगा दुरुस्त होणं सोपं. दोन्हीकडे चुकणाऱ्याच्या प्रशिक्षकाची मात्र झोप उडते.

बेस रिकामे असताना छान आणि बेसवर माणूस आला की कोसळतो, असाही एक नमुना भेटतो. माणूस बेसवर असला की पूर्ण हेलकावा न घेता आखूड हालचालीत चेंडू टाकावा लागतो, नाहीतर तो पुढचा बेस चोरतो. त्यात आता घड्याळ आहे: बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, माणूस असेल तर 18. धावणाऱ्याला दचकवायला चेंडू फेकण्याची किंवा माउंडवरच्या (पिचरच्या उंचवट्यावरच्या) पट्टीवरून पाय काढण्याची मुभा एका बॅटरमागे दोनदाच. तिसऱ्यांदा फेकून तो बाद झाला नाही तर पुढचा बेस त्याला आपोआप मिळतो. अनुभवी पिचर हे सगळं श्वासागणिक सांभाळतो, नवखा मात्र धावणाऱ्याकडे बघता बघता कॅचरला विसरतो.

आणि चौथ्या-पाचव्या इनिंगमध्ये फुटणारा तिसराच. त्याच्याकडे फास्टबॉल आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा) असे दोनच दर्जेदार चेंडू असतात. नऊ बॅटर पहिल्या फेरीत फसतात, दुसऱ्या फेरीत सावध होतात आणि तिसऱ्या फेरीत वाटच बघत बसलेले असतात. याला खाली पाठवून चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू) तरी शिकवायचा, नाहीतर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यात, टाकून एकेका इनिंगपुरता वापरायचा. सासाकीच्या बाबतीत डॉजर्सनी सप्टेंबर 2025 मध्ये हा दुसरा मार्ग धरला. खालच्या संघात त्याच्या हालचालीवर काम झालं, वेग पुन्हा 100 मैलांच्या घरात गेला, आणि ऑक्टोबरच्या बाद फेरीत तोच पोरगा शेवटच्या इनिंग टाकून सामने वाचवत होता. फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात तर तीन इनिंगमध्ये एकालाही बेस गाठू दिला नाही. मेमध्ये त्याला निकालात काढणारे आणि ‘स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणूनच ठेवा’ म्हणणारे, दोघेही चुकले.

जुन्या उदाहरणांशिवाय हा वाद पुरा होत नाही, आणि त्यात पहिलं नाव रॉय हॅलडेचं. 1998 मध्ये टोरोंटोकडून कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात तो नो-हिटरपासून (एकही हिट न देता टाकलेल्या सामन्यापासून) एका आउटवर होता, आणि तिथे होम रन बसला. दोन वर्षांनी, 2000 मध्ये, त्याचा ईआरए 10.64 झाला. मोसमात 50 हून जास्त इनिंग टाकणाऱ्यांत इतका वाईट आकडा इतिहासात कुणाचाच नाही. संघाने त्याला थेट हाय-ए पातळीवर डनिडनला धाडलं. फास्टबॉल वेगवान होता पण सरळ, आणि हात पार डोक्यावरून यायचा, त्यामुळे बॅटरला चेंडू सुरुवातीपासून स्वच्छ दिसायचा. मेल क्वीन या प्रशिक्षकाने हाताचा कोन खाली आणला, सरळ फास्टबॉल सोडायला लावून सिंकर (खाली बुडणारा) आणि कटर (शेवटी जरासा सरकणारा) या चेंडूंवर भर दिला. जुलै 2001 मध्ये तो वर परतला. 2003 मध्ये 22 विजय आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, 2010 मध्ये परफेक्ट गेम आणि बाद फेरीतला नो-हिटर, 2019 मध्ये मरणोत्तर हॉल ऑफ फेम.

‘पाठवा खाली’वाले हॅलडेचं नाव घेतात तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: त्याला खाली पाठवण्यात शिक्षा नव्हती, हातात दुरुस्तीचा नेमका आराखडा होता. नुसतंच ‘जा आणि आत्मविश्वास घेऊन ये’ म्हणून पाठवलेले कितीतरी जण ट्रिपल-एमध्ये दुबळ्या बॅटरांना त्याच जुन्या चेंडूंनी बाद करून परत येतात आणि पुन्हा मार खातात.

‘वेळ द्या’वाल्यांचा हुकमी एक्का टॉम ग्लॅव्हिन. 1988 मध्ये, 22 व्या वर्षी, अटलांटासाठी 7 विजय आणि 17 पराभव. संघच इतका रद्दी होता की एकूण 106 सामने हरला. त्याला खाली पाठवून तिथे आणणार तरी कुणाला? पुढच्या वसंतात त्याला चेंजअपची नवी पकड सापडली आणि कारकीर्द 305 विजयांवर थांबली. पण जिंकायला निघालेल्या संघाला ही चैन परवडत नाही, हे एक्का टाकणारा सांगत नाही.

तिसरं नाव घेताना दोन्ही तट आवाज खाली आणतात. सेंट लुईसचा रिक अँकिएल, वय 21, 2000 च्या मोसमात 194 स्ट्राइकआउट. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेले पाच वाइल्ड पिच टाकले. हात ठणठणीत, पण चेंडू जागेवर पडेना, आणि ते परत कधीच पुरतं जमलं नाही. शेवटी त्याने पिचिंग सोडलं आणि 2007 मध्ये तो बॅटर म्हणून मेजर लीगमध्ये परतला.

आपल्या लोकांना ज्या नावाशी जवळीक वाटावी ते कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा, टेक्सस रेंजर्सचा पिचर. 2022 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, 2023 मध्ये टॉमी जॉन, 2024 च्या सप्टेंबरमध्ये पदार्पण. 2025 मध्ये ईआरए साडेपाचच्या वर गेला आणि मोसम चालू असतानाच त्याची ट्रिपल-एला रवानगी झाली. त्याचा स्लायडर बघण्यासारखा आहे. प्रश्न फास्टबॉलचा आहे, तो बॅटरांना चकवत नाही. म्हणजे हॅलडेच्या जातीचाच प्रश्न, आणि त्यावरचं उत्तर चाहत्यांच्या ओरडण्यापेक्षा त्याच्या हाताच्या कोनात शोधावं लागेल.

भारतातून बघायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटे साडेचारला लागतो. लॉस एंजेलिस किंवा सान दिएगोचा सातचा सामना साडेसातला, चहाच्या वेळेला. टेक्सस मधे, साडेपाचच्या सुमारास. नवखा स्टार्टर असेल तर पहिल्या दोन इनिंग चुकवू नका. प्रत्येक बॅटरला टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक की बॉल, एवढंच कागदावर टिपत जा. दहात सहाच्या वर स्ट्राइक असतील तर पोराचा दिवस आहे. चारच असतील तर तिसऱ्या इनिंगपासून बुलपेनकडे लक्ष ठेवा, तिथे कुणीतरी हात मोकळा करायला उठलेलं दिसेल.