दुसरा भाऊ कशासाठी नाचतो

एप्रिल लागला की मला सकाळी अलार्म लावावा लागत नाही. बोस्टनला अगदी चिकटून ब्रुकलाइन म्हणून गाव आहे तिथे आम्ही राहतो, आणि उजाडायच्या आधीच मागच्या ओकवरून गुडगुडगुड सुरू होतं. रानटी टर्की! हो, झाडावर झोपतात ती. नर आठ-नऊ किलोचा सहज भरतो, एवढं मोठं धूड, पण रोज संध्याकाळी उडून फांदीवर जाऊन बसतं.

परवा शनिवारी चहा घेऊन खिडकी उघडली तर खाली पार्किंगमध्ये दोन नर, दोघेही पूर्ण फुललेले. पिसारा उभा, पंख खाली सोडलेले, आणि पंखांची टोकं डांबरावर घासत चालले की खराट्याने अंगण झाडल्यासारखा खर्र खर्र आवाज. डोक्यावर पिसं जवळजवळ नाहीतच, नुसती कातडी, आणि ती बघता बघता रंग बदलते, गळा लालभडक, गाल निळे, माथा पांढराफटक. चोचीच्या वर मांसाची एक छोटी सोंड असते, एरवी बोटाच्या पेराएवढी, पण नाचायला लागला की ती लांबत लांबत चोचीच्याही खाली लोंबते.

आणि मादी? ती आपली कडेच्या गवतात दाणे टिपत होती. वाटतं की हिचं लक्षच नाही, पण सगळा निर्णय तिचाच असतो. पसंत पडला तर ती त्याच्यासमोर जमिनीवर बसते, नाहीतर चालू लागते, मग तो कितीही नाचो. रिचर्ड बुखहोल्झ नावाच्या संशोधकाने १९९५ मध्ये दाखवलं की माद्या लांब सोंडेचा नर निवडतात, आणि ज्याची सोंड लांब त्याच्या आतड्यात कॉक्सिडिया कमी. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना रक्ती हगवण चांगली माहीत असेल, तोच जंतूंचा प्रकार. म्हणजे नर निरोगी आहे का हे ती नुसती चोचीवर बघून ओळखते, मला हे वाचून केवढं आश्चर्य वाटलं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते त्या दुसऱ्या नराबद्दल. दोघे एकत्र नाचतात, पण पिल्लं होतात ती एकाचीच. मग दुसरा का राबतो? अ‍ॅलन क्राकाउअर यांनी कॅलिफोर्नियात अशा जोड्यांचा डीएनए तपासला, २००५ मध्ये ते छापून आलं. हे साथीदार बहुतेक भाऊ किंवा सावत्र भाऊ असतात. एकट्याने नाचणाऱ्या नराच्या वाट्याला सरासरी एक पिल्लूसुद्धा येत नाही आणि भाऊ सोबत असलेल्या मुख्य नराला साधारण ७. दुसऱ्याला स्वतःचं एकही नाही, पण भावाची पिल्लं म्हणजे त्याचंही रक्तच ना, एकटा राहून जेवढं पुढे गेलं असतं त्याहून जास्तच पुढे जातं.

हे वाचलं आणि मला आमचे काका आठवले. बाबांना पुण्यात शिकता यावं म्हणून ते गावी शेतीवर राहिले, आणि बाबा पास झाले की गावभर पेढे काका वाटायचे. पक्ष्याचं आणि माणसाचं एक नसतं हे कळतं मला, तरी डोळ्यात पाणी आलं.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ नंतर रानटी टर्की उरलीच नव्हती, जंगलं तुटली, शिकार झाली. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या जंगलात सोडले, आता राज्यात तीस हजारांच्या वर आहेत. या दिवसात नर गाडीच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून त्यालाच चोची मारतात, त्याला दुसरा नर वाटतो तो. गाडीवर चादर टाकली की शांत होतात. आणि कृपा करून त्यांना ब्रेड घालू नका, माणसाची भीती गेली की अंगावर येतात आणि मग त्यांच्याच जिवावर बेततं.

हां, तर शनिवारी शेवटी ती मादी बसली, मोठ्या सोंडेवाल्यासमोर. आता जमिनीवर खळगा करून दहा-बारा अंडी घालेल, २८ दिवस एकटीच उबवेल, बाप फिरकायचा नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून तिसरा एक नर धावत आला. तर हा दुसरा, मी त्याला भाऊच धरून चालले होते, पिसारा तसाच उभा ठेवून वळला आणि त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला. तो तिसरा परत जाईपर्यंत हलला नाही.