निळा पांढरा, लाल काळा

जुन्या फोटोत कपाळावरचं ठसठशीत कुंकू काळं दिसतं. पोरांनी विचारलं तर ‘तेव्हाचे फोटो तसेच असायचे’ एवढ्यावर भागतं. हाच काळेपणा पार उत्तर नॉर्वेत, काउतोकैनो गावच्या सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या फोटोंत भेटतो. त्यांच्या गाक्तीवरचे, म्हणजे लोकरी अंगरख्यावरचे, लाल पट्टे काळेकुट्ट, आणि निळं कापड असलंच तर फिकट. फोटो पाहून ‘सामींचा पोशाख पांढरा’ असं कुणी ठोकून देतं तेव्हा हात जोडावेसे वाटतात.

तेव्हा फोटो काचेवर काढत आणि त्या काचेवर जिलेटिनमध्ये कालवलेलं सिल्व्हर ब्रोमाइड असायचं. त्याला जांभळा आणि निळा उजेड कळतो, हिरवा जेमतेम, लाल मुळीच नाही. म्हणून तर लाल कंदिलाच्या उजेडात काच डेव्हलप करता यायची. आभाळाचा निळा मात्र इतका चढायचा की प्रिंटवर वरचा भाग कोराच. ढग होते की नव्हते, देव जाणे.

सोफस ट्रोमहोल्ट हा डेन्मार्कचा गृहस्थ १८८२-८३ च्या हिवाळ्यात काउतोकैनोला गेला तो ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी घ्यायला. त्या प्रकाशाचा फोटो काही निघेना. उजेड आधीच मंद, त्यातला ठळक रंग हिरवा, आणि काच हिरव्याला जवळजवळ आंधळी! तो फोटो पुढं १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेतल्याच बोसेकोपला मार्टिन ब्रेंडेलनं काढला. ट्रोमहोल्टच्या पदरी पडली ती माणसं.

तीही सुखासुखी नाही. थंडीत काळ्या कापडाखाली श्वास सोडला की फोकसच्या घासलेल्या काचेवर हिम धरतं. श्वास रोखूनच पाहायचं. गार कॅमेरा ऊबदार खोलीत आणला की लेन्सला घाम फुटतो, म्हणून आणताना गुंडाळून आणायचा आणि तसाच हळूहळू तापू द्यायचा. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, साधारण १८ अंशांवर नीट चालतो. गारठला की मंदावतो. मग घाईचा माणूस काच जास्त वेळ बुडवून ठेवतो आणि सावल्यासुद्धा धुरकटतात. उबदार द्रावणातली काच एकदम बर्फाच्या पाण्यात घातली तर जिलेटिन कडेनं सुटून सुरकुततं. धुणं आखडतं घेतलं तर हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, आत राहतो आणि काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो.

एवढ्या खटाटोपात ट्रोमहोल्टनं कितीतरी माणसांची नावं लिहून ठेवली. यात कसलं रसायन नव्हतं, सवड काढावी लागत होती. १८८४ मध्ये रोलाँ बोनापार्त या फ्रेंच राजपुत्राची मोहीम सामींच्या प्रदेशात आली ती माणसांची मापं घेत, समोरून एक आणि बाजूनं एक असे फोटो काढत.

काउतोकैनोत १८५२ साली सामींचा उठाव झाला होता. त्यासाठी आस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी यांचा १८५४ मध्ये शिरच्छेद झाला आणि त्यांची डोकी अभ्यासासाठी राजधानीच्या विद्यापीठात गेली. दफन झालं १९९७ मध्ये.