काल रात्री मला कुणी उठवलं नाही

सकाळी चहा घेता घेता मेल उघडला तेव्हा कळलं, काल रात्री दीड वाजता पेमेंटची सिस्टिम बंद पडली होती. ब्रिज कॉल झाला, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत सगळे एकाच फोनवर, अकरा जण होते, साडेचारला सगळं सुरळीत. अकरा जणांत मी नाही. मोबाइल उशाशीच होता, सायलेंटवर पण नव्हता, तरी दोनदा कॉल लॉग बघितला.

खरं तर खूश व्हायला हवं, किती वर्षं हेच रडत होते ना की झोप मिळू दे.

जूनपर्यंत सोल्यूशन आर्किटेक्ट होते, म्हणजे एक प्रोजेक्ट अथपासून इतिपर्यंत माझ्या गळ्यात, कुठली सिस्टिम कुणाशी बोलणार, मधली एक पडली तर काय, सगळं. आता एंटरप्राइझ आर्किटेक्ट. अख्ख्या कंपनीतल्या सिस्टिम्स बघायच्या, कुठली ठेवायची, कुठली पाच वर्षांत बंद करायची, दोन टीम एकच गोष्ट दोनदा विकत घेतायत का. कोडला हात नाही, तो टेक्निकल आर्किटेक्टचा प्रांत. डेटावाला वेगळा, एकाच ग्राहकाचे चार सिस्टिममध्ये चार पत्ते बघून रोज कपाळाला हात लावतो. सिक्युरिटीवाल्याचं काम नाही म्हणायचं, आणि ते तो अगदी मनापासून करतो. बिझनेस आर्किटेक्ट दिवसभर नक्की काय करतो ते मला अजून... जाऊ दे, शेजारीच बसतो.

पण कुणी एक फोन पण करू नये?

वहिनीला सांगितलं तर ती आधी आर्किटेक्ट शब्दावरूनच सुरू झाली. आम्ही पाच वर्षं बी. आर्क. करायचं, काउन्सिलकडे नोंदणी करायची, 1972 चा कायदा आहे त्याला, आणि तुम्ही पॉवरपॉइंटमध्ये चौकोन काढून आर्किटेक्ट! मग नीट ऐकून घेतल्यावर म्हणाली, म्हणजे तू आता डीपी, शहराचा विकास आराखडा करतेस, बिल्डिंग नाही. डीपीवाल्याला कोण रात्री उठवतं गं, पाइप फुटला की प्लंबर लागतो.

डीपी म्हटल्यावर मला एचसीएमटीआर आठवला. पुण्याच्या 1987 च्या आराखड्यातला तो रिंग रोड, अजून कागदावरच आहे. आणि आमच्या क्षेत्राचं मूळ ज्याला मानतात तो झॅकमनचा पेपर पण आयबीएमच्या जर्नलमध्ये 1987 लाच आला. हसू आलं मग. माझा पाच वर्षांचा रोडमॅप म्हणजे तसाच एक रस्ता, स्लाइडवर कसा चकाचक, आणि खाली ट्रॅफिक आहे तिथेच तुंबलेलं.

बरं, दुपारी नव्या मुलाचा मेसेज. गेटवे, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून आत येते तो दरवाजा, तीस सेकंदांत हात वर करतो आणि मागची सर्व्हिस साठ सेकंद वाट बघत बसते, त्यामुळे वरचा म्हणतो फेल, खालचा काम करतच राहतो, मग रिट्राय, मग डबल एन्ट्री. मॅडम, हे साठ कुणी ठेवलेत आणि का, कुठे काही लिहिलंच नाहीये.

महिनाअखेरीला समोरची सिस्टिम चाळीस-पन्नास सेकंद घ्यायची म्हणून. तेव्हा मध्ये गेटवे नव्हताच. नोंद करायची राहिली, रात्रीचे तीन वाजले होते बहुतेक.

'मीच' असं लिहून पाठवलं. टायपिंग आलं, गेलं, परत आलं. मग नुसतं 'ओके मॅडम'.

साठचे पंचवीस केलेत म्हणे आता.