नागपूरच्या उन्हात मुरवलेला गुलकंद

मार्च लागला की बाबांचं पित्त खवळतं. वैद्यांनी रात्री चमचाभर गुलकंद घ्यायला सांगितला. विकतच्या बरणीत साखरच जास्त, पाकळ्या शोधाव्या लागायच्या, म्हणून घरीच करायला घेतला.

सकाळीच बर्डीच्या फूलबाजारात गेले. लांब दांड्यांचे टवटवीत लाल गुलाब समोरच होते, पण फूलवाले भाऊ म्हणाले, "ताई, हे बुकेचे फूल आहे. वास नाही याले, अन् फवारा मारलेला असते. गुलकंदाले देसीच पाहिजे." देसी म्हणजे फिकट गुलाबी, भरगच्च, बोट लागताच पाकळ्या सुटणारा. बिनफवारणीची फुलं त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागवून दिली.

पाकळ्या सोडवायला मुलगी सोबत बसली. ती बीएस्सीला वनस्पतिशास्त्र शिकते. तिने एक फूल वर्तमानपत्रावर उलगडून दाखवलं, आणि मग माझं पाकळ्यांचं काम बराच वेळ तसंच राहिलं. फुलाखाली हिरवी निदलं पाच. त्यांतल्या दोघांच्या दोन्ही कडांना झालर, दोघांना अजिबात नाही आणि एकाला एकाच बाजूला! कळीत ती एकमेकांवर दुमडलेली असतात. जी कड आत दबते ती कोरी राहते. रानगुलाबाला पाकळ्याही बहुधा पाचच. आमच्या फुलातल्या बाकीच्या पाकळ्या म्हणजे रूप पालटलेले पुंकेसर. मधोमध एक चिमुकली पाकळी सापडली, तिच्या कडेला पिवळा परागकोश अजून चिकटलेला होता. ती मी कितीदा तरी पाहिली. तळाशी पुष्पासनाची वाटी, तिच्यात केसाळ स्त्रीकेसर. हीच वाटी पिकून लालसर फळ होतं, आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं.

सुगंध पाकळीच्या पृष्ठभागावरच्या पेशींत तयार होतो आणि उन्हं चढली की उडू लागतो. फुलं पहाटे का तोडतात ते तेव्हा नीट कळलं. गॅसवर शिजवून झटपट करायचा विचारही मी तिथेच सोडला. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो, तो कात्रीने काढला.

पुढचं सोपं आहे. पाकळ्या धुऊन सावलीत पार कोरड्या केल्या. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा थर, त्यावर तितक्याच वजनाच्या खडीसाखरेच्या पुडीचा थर, आणि तोंडाला मलमलचा फडका. पाण्याचा थेंबही नको, नाहीतर बुरशी धरते. साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते आणि त्याच पाकात त्या मुरतात. गच्चीवर आपलं नागपूरचं ऊन आहेच! रोज कोरड्या चमच्याने हलवायचं. तीन-चार आठवड्यांत रंग गडद तपकिरी-लाल झाला.

आयुर्वेदात गुलाब शीत आणि पित्तशामक मानतात, गुलकंद सौम्य सारकही आहे. बाबांचं पोट आता सकाळी साफ होतं. डॉक्टरांची पित्ताची गोळी मात्र चालूच आहे. सासूबाईंना मधुमेह, त्यांना गुलकंद चालत नाही. उरलेल्या पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्यात. त्यांत टॅनिन असतं, म्हणून तो तुरटपणा. तोंड आलं की त्या पाकळ्यांच्या काढ्याने सासूबाई गुळण्या करतात.